लॉर्ड जॉर्ज मरे (१६९४–१७६०) : निष्ठा, संशय आणि १७४५ चा जॅकोबाइट उठाव

प्रस्तावना

अठराव्या शतकातील ब्रिटनच्या इतिहासात १७४५ च्या जॅकोबाइट उठावाला महत्त्वाचे स्थान आहे. १६८८ च्या राज्यक्रांतीत जेम्स दुसरा याला इंग्लंड व स्कॉटलंडची गादी सोडावी लागली. त्याच्या स्टुअर्ट घराण्याला ती परत मिळावी यासाठी झटणारे लोक ‘जॅकोबाइट’ म्हणून ओळखले जात. या पक्षाने १६८९ पासून अनेक प्रयत्न केले. त्यांतील शेवटचा आणि यशाच्या सर्वाधिक जवळ गेलेला प्रयत्न म्हणजे १७४५ चा उठाव होय. या उठावाचे नेतृत्व जेम्सचा नातू चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट याच्याकडे होते. परंतु रणांगणावरील नेतृत्वाचा मुख्य भार ज्याने वाहिला तो सेनानी म्हणजे लॉर्ड जॉर्ज मरे.

मरेच्या चरित्रात एक विसंगती प्रथमदर्शनीच नजरेत भरते. ज्या पक्षाला त्याने विजय मिळवून दिले, त्याच पक्षाच्या नेत्याने त्याला विश्वासघातकी मानले. ज्या राजसत्तेविरुद्ध तो लढला, तिच्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ त्याने सहाच वर्षांपूर्वी घेतली होती. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या लेखनात त्याच्याविषयी संशयाचा सूर उमटला. प्रस्तुत लेखात मरेच्या जीवनाचा आढावा घेऊन या संशयाची कारणे तपासली आहेत. मरे आणि राजपुत्र यांच्यातील संघर्ष केवळ दोन स्वभावांचा नव्हता. ‘निष्ठा’ या शब्दाच्या दोन भिन्न अर्थांचा तो संघर्ष होता, हे येथे दाखविण्याचा प्रयत्न आहे. ब्रिटनमध्ये १७५२ पर्यंत जुनी दिनदर्शिका प्रचलित असल्याने उठावातील घटनांच्या तारखा तिच्यानुसार दिल्या आहेत.

घराणे आणि पूर्वायुष्य

जॉर्ज मरेचा जन्म ४ ऑक्टोबर १६९४ रोजी पर्थ शहराजवळील हंटिंगटॉवर येथे झाला. अॅथॉलचा पहिला ड्यूक जॉन मरे आणि कॅथरिन हॅमिल्टन यांचा तो सहावा पुत्र. अॅथॉल हा मध्य स्कॉटलंडमधील डोंगराळ प्रदेश. तेथील ब्लेअरचा किल्ला हे या घराण्याचे मुख्य ठाणे होते. अशा सरंजामी घराण्याचे सामर्थ्य केवळ जमिनीच्या उत्पन्नावर अवलंबून नसे. जमिनीवरील रयतेने मालकाच्या हाकेला शस्त्रे घेऊन हजर व्हावे, ही अपेक्षा तिच्यात गृहीत होती. साहजिकच अशा घराण्याचा कल कोणत्या बाजूला आहे, हा प्रश्न एडिंबरो आणि लंडन येथील राज्यकर्त्यांच्या दृष्टीने नेहमीच महत्त्वाचा ठरे.

मरेने काही काळ ग्लासगो विद्यापीठात शिक्षण घेतले आणि १७१२ मध्ये फ्लँडर्स येथील ब्रिटिश सैन्यात तो कनिष्ठ अधिकारी म्हणून दाखल झाला. त्यापूर्वी पाच वर्षे, म्हणजे १७०७ मध्ये, स्कॉटलंड व इंग्लंड यांची संसदे एकत्र येऊन ग्रेट ब्रिटनचे राज्य अस्तित्वात आले होते. हे एकीकरण स्कॉटलंडमधील अनेकांना मान्य नव्हते. १७१४ मध्ये हॅनोव्हर घराण्यातील जॉर्ज पहिला गादीवर आल्यानंतर या असंतोषाला जॅकोबाइट पक्षाच्या रूपाने वाट मिळाली.

१७१५ च्या उठावात अॅथॉल घराणे दुभंगले. पिता ड्यूक आणि पुत्र जेम्स हे सरकारच्या बाजूने राहिले. थोरला पुत्र विल्यम, म्हणजेच टलिबार्डिनचा मार्क्विस, तसेच चार्ल्स आणि जॉर्ज हे उठावात सामील झाले. उठाव फसल्यावर विल्यमचा वारसाहक्क संसदेने काढून घेतला आणि तो जेम्सला दिला. त्या काळातील अनेक स्कॉटिश घराण्यांत अशी विभागणी आढळते. कोणतीही बाजू जिंकली तरी जमीन घराण्यातच राहावी, असा व्यवहारी हिशेब त्यामागे असल्याचे अनेकदा सांगितले जाते. अॅथॉल घराण्याच्या बाबतीत मात्र केवळ हिशेबाने सर्व उलगडा होत नाही. कारण विल्यमने या निर्णयाची किंमत आयुष्यभर मोजली.

१७१९ मध्ये स्पेनच्या मदतीने पुन्हा एक लहान उठाव झाला. १० जून १७१९ रोजी ग्लेनशील येथे झालेल्या लढाईत मरे उजव्या फळीचे नेतृत्व करीत असताना जखमी झाला व पुढे हॉलंडमध्ये निघून गेला. १७२५ मध्ये त्याला सरकारकडून माफी मिळाली. १७२८ मध्ये त्याचा विवाह अमेलिया मरे हिच्याशी झाला आणि पुढील सतरा वर्षे त्याने पर्थशायरमध्ये एका सामान्य जमीनदाराप्रमाणे शांततेत घालविली. जेम्स हा १७२४ पासून अॅथॉलचा दुसरा ड्यूक होता आणि दोघा भावांचे संबंध चांगले होते. मरेचा थोरला मुलगा ईटनच्या शाळेत शिकत होता. १७३९ मध्ये मरेने जॉर्ज दुसरा याच्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली. वयाची पंचेचाळीशी गाठलेला हा गृहस्थ पुन्हा बंडाच्या मार्गाला जाईल, असे त्या वेळी कोणालाही वाटले नसावे.

१७४५ : शपथभंगाचा निर्णय

२३ जुलै १७४५ रोजी चार्ल्स एडवर्ड मूठभर सोबत्यांसह स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील एरिस्के बेटावर उतरला. मरेचा निर्वासित भाऊ विल्यम त्याच्याबरोबर होता. १९ ऑगस्ट रोजी ग्लेनफिनन येथे स्टुअर्ट घराण्याचे निशाण विल्यमच्याच हस्ते उभारले गेले. त्याच सुमारास सरकारी सेनापती सर जॉन कोप उत्तरेकडे निघाला होता. क्रीफ येथे ड्यूक जेम्स आणि लॉर्ड जॉर्ज हे दोघेही त्याला भेटले. मरेकडे पर्थशायरच्या उपशेरीफचे पदही सोपविण्यात आले. मात्र त्यानंतर दोनच आठवड्यांच्या आत तो पर्थ येथे राजपुत्राला जाऊन मिळाला. राजपुत्राने त्याची लेफ्टनंट जनरल म्हणून नेमणूक केली. हेच पद पर्थचा ड्यूक जेम्स ड्रमंड यालाही देण्यात आले होते.

हा निर्णय मरेने का घेतला? ३ सप्टेंबर १७४५ रोजी त्याने ड्यूक जेम्सला लिहिलेले पत्र या संदर्भात महत्त्वाचे आहे. आपले प्राण, मालमत्ता आणि पत्नी व मुलांचे सुख हे सर्व पणाला लागले आहे, यशापेक्षा अपयशाची शक्यता अधिक आहे, तरीही सन्मान आणि राजा व देश यांविषयीचे कर्तव्य आपल्याला अधिक मोलाचे वाटते, असा त्या पत्राचा आशय आहे. यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक म्हणजे मरे लाभाच्या आशेने उठावात उतरला नव्हता. दुसरे म्हणजे त्याला यशाची खात्री मुळीच नव्हती. आपल्या पराभवाची शक्यता डोळ्यांसमोर ठेवून लढणारा सेनापती आणि आपला विजय ईश्वरी इच्छेनेच ठरलेला आहे असे मानणारा चोवीस वर्षांचा राजपुत्र, ही जोडी आरंभापासूनच विजोड होती.

क्रीफच्या भेटीमुळे संशयाचे बीजही तेथेच रोवले गेले. कालपर्यंत कोपच्या छावणीत वावरणारा माणूस आज आपल्याकडे आला, तर तो हेर कशावरून नाही, असा प्रश्न राजपुत्राच्या निकटवर्तीयांत विचारला जाऊ लागला. राजपुत्राचा सचिव जॉन मरे ऑफ ब्रॉटन याने हा संशय वाढविला. राजपुत्राबरोबर आलेल्या आयरिश सल्लागारांत जॉन विल्यम ओसलिव्हन हा प्रमुख होता. फ्रेंच सैन्यात अनुभव घेतलेल्या या अधिकाऱ्याचे आणि मरेचे कधीच पटले नाही. मरेचा तापट व फटकळ स्वभावही या तेढीला कारणीभूत झाला, हे नाकारता येत नाही.

सेनापती म्हणून कामगिरी

मरेच्या हाती आलेले सैन्य हे नियमित सैन्य नव्हते. त्यात निरनिराळ्या क्लॅनचे लोक आपापल्या सरदारांच्या हाताखाली लढत. अॅथॉलमधील रयतेपैकी अनेकांना सक्तीने भरती करण्यात आले होते व त्यामुळे पळून जाणाऱ्यांची संख्याही मोठी होती. सरदाराच्या निष्ठेची किंमत त्याच्या रयतेला विचारल्यावाचून मोजावी लागते, हे या उठावाचे एक कटू सत्य होय. अशा सैन्याची रसद आणि कूच यांकडे मरेने बारकाईने लक्ष दिले. हायलँड सैनिकांचे बळ त्यांच्या वेगवान हल्ल्यात आहे आणि बराच काळ चालणाऱ्या गोळीबाराच्या लढाईत ते टिकणार नाहीत, हे त्याने ओळखले होते.

या आकलनाचा प्रत्यय २१ सप्टेंबर १७४५ च्या प्रेस्टनपॅन्सच्या लढाईत आला. कोपच्या सैन्यापुढे दलदल असल्याने समोरून हल्ला करणे धोक्याचे होते. रॉबर्ट अँडरसन या स्थानिक माणसाने दलदलीतून जाणारी वाट दाखविली. रात्रीच्या अंधारात सैन्य त्या वाटेने पूर्वेकडे नेण्यात आले आणि पहाटे हल्ला झाला. पाव तासाच्या आतच कोपचे सैन्य उधळले गेले.

यानंतर एडिंबरो येथे इंग्लंडवर स्वारी करावी की नाही, याविषयी युद्धमंडळात वाद झाला. बहुतेक स्कॉटिश सरदारांना प्रथम स्कॉटलंडमध्ये स्थिर व्हावे असे वाटत होते. फ्रान्स व इंग्लंडमधील जॅकोबाइट यांच्या मदतीचे आश्वासन राजपुत्राने दिल्यावर स्वारीचा निर्णय झाला. मार्ग मात्र मरेने सुचविलेला स्वीकारण्यात आला. पूर्वेकडे न्यूकॅसल येथे जनरल वेडचे सैन्य असल्याने पश्चिमेकडून कार्लाइलमार्गे जावे, अशी ही योजना होती. नोव्हेंबरच्या मध्यात कार्लाइल शरण आले. शरणागतीच्या वाटाघाटी पर्थच्या ड्यूककडे सोपविल्याने दुखावलेल्या मरेने राजीनामा दिला. पर्थच्या ड्यूकने मोठ्या मनाने आपले अधिकार सोडल्यावरच तो परत आला. या प्रसंगात मरेचा मानी स्वभाव दिसतो, तसेच त्याच्यावाचून सैन्याचे चालत नव्हते हेही दिसते.

डर्बीचा पेच

डिसेंबरच्या आरंभी मरेने एक तुकडी काँगल्टनच्या दिशेने नेऊन कंबरलंडच्या ड्यूकची दिशाभूल केली. राजा जॉर्ज दुसरा याचा हा पुत्र सरकारी सैन्याचा सेनापती होता. जॅकोबाइट सैन्य वेल्सकडे वळत आहे असे समजून तो पश्चिमेकडे सरकला. त्यामुळे मोकळ्या झालेल्या वाटेने सुमारे पाच हजारांचे सैन्य ४ डिसेंबर १७४५ रोजी डर्बी येथे पोहोचले. लंडन तेथून सुमारे २०० किलोमीटरवर होते.

दुसऱ्या दिवशी एक्झेटर हाउस येथे युद्धमंडळ बसले. मरेने परिस्थिती मांडली. मागे वेड, जवळच कंबरलंड आणि लंडनच्या रक्षणासाठी जमणारे तिसरे सैन्य, असा तिहेरी धोका होता. इंग्लंडमध्ये भरती झालेल्यांची संख्या नगण्य होती आणि फ्रेंच सैन्य उतरले नव्हते. फ्रान्स सोडल्यापासून इंग्लिश जॅकोबाइटांशी आपला कोणताही संपर्क झालेला नाही, हे राजपुत्राला कबूल करावे लागले. एडिंबरो येथे दिलेले आश्वासन पोकळ होते, हे सरदारांच्या ध्यानात आले. त्यातच डडली ब्रॅडस्ट्रीट या सरकारी हेराने नॉर्थॅम्प्टन येथे आणखी एक मोठे सैन्य उभे असल्याची खोटी बातमी दिली. युद्धमंडळाचा कौल मरेच्या बाजूने पडला आणि ६ डिसेंबर रोजी माघार सुरू झाली.

हा निर्णय योग्य होता की अयोग्य, हा वाद अद्याप मिटलेला नाही. धाडस करून लंडन गाठले असते तर हॅनोव्हर राजवट कोसळली असती, असे काही अभ्यासक मानतात. तथापि निर्णयाचे मूल्यमापन तो घेणाऱ्याला उपलब्ध असलेल्या माहितीवरून करावे लागते. मरेपुढे असलेल्या माहितीनुसार पुढे जाणे म्हणजे संपूर्ण सैन्य गमावण्याचा धोका पत्करणे होते. पाच हजार माणसांचे प्राण एका व्यक्तीच्या श्रद्धेवर पणाला लावावेत काय, असा हा प्रश्न होता. राजपुत्राने मात्र या निर्णयाकडे लष्करी मतभेद म्हणून पाहिले नाही. त्याच्या दृष्टीने तो विश्वासघात होता. यानंतर त्याने युद्धमंडळ बोलाविणे जवळजवळ बंदच केले.

माघार, फॉलकर्क आणि ब्लेअर

माघारीत पिछाडीची जबाबदारी मरेने स्वतःकडे घेतली. १८ डिसेंबर रोजी पेनरिथजवळील क्लिफ्टन येथे कंबरलंडच्या घोडदळाने पिछाडीला गाठले. चांदण्या रात्री मरेने मॅकफर्सन क्लॅनच्या लोकांसह तलवारीनिशी प्रतिहल्ला करून पाठलाग थोपविला. भर हिवाळ्यात, दोन शत्रुसैन्यांच्या मधून, फारशी हानी न होता सैन्य स्कॉटलंडमध्ये परत आणणे ही त्याची कदाचित सर्वांत मोठी कामगिरी होय. राजपुत्राने मात्र मरेचा सल्ला डावलून कार्लाइल येथे शिबंदी ठेवली. ३० डिसेंबर रोजी ती कंबरलंडच्या हाती पडली.

१७ जानेवारी १७४६ रोजी फॉलकर्क येथे जनरल हॉलीविरुद्ध लढाई झाली. वादळी पावसात मरे उजव्या फळीपुढे तलवार हाती घेऊन पायी चालत होता. शत्रूचे घोडदळ अगदी जवळ येईपर्यंत त्याने गोळीबार रोखून धरला आणि एकाच माऱ्यात ते उधळले. हॉली एडिंबरोकडे हटला. परंतु अंधार आणि गोंधळ यांमुळे या विजयाचा पुरता लाभ घेता आला नाही. सैन्यातील गळती वाढत गेल्याने जानेवारीअखेरीस मरे व इतर सरदारांनी उत्तरेकडे हटण्याचा लेखी सल्ला दिला. राजपुत्राने तो अत्यंत नाखुशीने स्वीकारला.

मार्च १७४६ मध्ये मरेने अॅथॉलमधील अनेक सरकारी चौक्यांवर एकाच रात्री छापे घालून त्या काबीज केल्या. त्यानंतर त्याने ब्लेअरच्या किल्ल्याला वेढा घातला. आत सर अँड्र्यू अॅग्न्यू याच्या नेतृत्वाखाली सरकारी शिबंदी होती. ज्या वास्तूवर आपल्या घराण्याचे निशाण फडकत असे, तिच्याच छपरावर मरेने तापवून लाल केलेले तोफगोळे डागले. किल्ला पडण्यापूर्वीच त्याला इन्व्हरनेसकडे परत बोलाविण्यात आले. घराण्याच्या हितासाठी मरे दोन्ही दगडांवर पाय ठेवून होता, या आरोपाला ब्लेअरचा वेढा हे पुरेसे उत्तर आहे.

कलोडन

एप्रिलच्या मध्यात कंबरलंड नेर्न येथे येऊन पोहोचला. ओसलिव्हनने लढाईसाठी ड्रमॉसीच्या माळाची निवड केली. सपाट व उघडा माळ तोफखान्याला व घोडदळाला अनुकूल आणि हायलँड सैनिकांना घातक आहे, असे मरेने बजावले. नेर्न नदीपलीकडील खडबडीत जागा त्याला अधिक योग्य वाटत होती. त्याचा सल्ला मानला गेला नाही. तेव्हा माळावर लढण्यापेक्षा बरा म्हणून त्याने रात्रीच्या छाप्याचा पर्याय उचलून धरला. १५ एप्रिलच्या रात्री उपाशी सैन्य नेर्नकडे निघाले. परंतु उजाडण्यापूर्वी शत्रूची छावणी गाठणे अशक्य असल्याचे दिसल्यावर मरेने आघाडी परत फिरविली. हे परत फिरणेही पुढे त्याच्याविरुद्धच्या आरोपपत्रातील एक कलम बनले.

१६ एप्रिल १७४६ रोजी दुपारी थकलेले व भुकेलेले सैन्य त्याच माळावर उभे राहिले. लढाई एका तासाच्या आतच संपली. सरकारी पक्षाचे सुमारे पन्नास सैनिक ठार झाले, तर जॅकोबाइटांची हानी दीड हजारांच्या घरात गेल्याचे मानले जाते. मरे उजव्या फळीसह शत्रूच्या रांगेत घुसला आणि ती भेदून मागील कुमक आणण्यासाठी परतला, तेव्हा त्याच्या डोक्यावर टोपी वा केसांचा टोप उरला नव्हता. या लढाईतील त्याची एक चूकही नोंदवली पाहिजे. उजव्या फळीचा मान परंपरेने आपला आहे असे मॅकडोनल्ड क्लॅन मानत असे. मरेने तो अॅथॉलच्या लोकांसाठी मागून घेतला. त्यामुळे डावीकडे उभ्या राहिलेल्या मॅकडोनल्डांत नाराजी पसरली.

दुसऱ्या दिवशी रुथव्हेन येथून मरेने राजपुत्राला परखड पत्र लिहिले. फ्रान्सच्या मदतीची खात्री नसताना उठाव सुरू केल्याबद्दल, तसेच ओसलिव्हनची जागेची निवड आणि रसदीतील हलगर्जीपणा यांबद्दल त्याने त्यात दोष दिला आणि पदाचा राजीनामा दिला. डोंगराळ प्रदेशात गनिमी काव्याने लढा चालू ठेवण्याची शक्यता काहींना वाटत होती. परंतु प्रत्येकाने आपापला जीव वाचवावा, असा राजपुत्राचा निरोप आला आणि उठाव संपला.

पराभूतांविरुद्ध झालेल्या क्रूर कारवाईचे समर्थन करताना, शत्रूला जीवदान देऊ नये असा हुकूम मरेनेच काढला होता, असे सरकारी पक्षाकडून सांगण्यात आले. हे वाक्य त्याच्या मूळ हुकमात मागाहून घुसडलेले होते, असे इतिहासकारांचे सर्वसाधारण मत आहे. स्वपक्षाने विश्वासघातकी ठरविलेल्या माणसाला विरुद्ध पक्षाने क्रूरकर्मा ठरविले, असा हा दुहेरी अन्याय होता.

निर्वासित जीवन

विल्यम जुलै १७४६ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये बंदिवासात मरण पावला. मरे काही महिने लपून राहिला आणि १७४६ च्या अखेरीस हॉलंडला निसटला. १७४७ मध्ये रोम येथे राजपुत्राचा पिता जेम्स याने त्याचे सन्मानाने स्वागत करून त्याला निवृत्तिवेतन दिले. त्याच वर्षी तो पॅरिसला गेला. परंतु चार्ल्स एडवर्डने त्याला भेट नाकारली व शहर सोडून जाण्यास सांगितले. पित्याने समेटाचा आग्रह धरूनही पुत्राचा राग शमला नाही. मरेला मायदेशी परतणे कधीच शक्य झाले नाही. ११ ऑक्टोबर १७६० रोजी हॉलंडमधील मेडेम्ब्लिक येथे त्याचे निधन झाले.

मरेच्या थोरल्या मुलाने, जॉनने, १७५३ मध्ये ड्यूक जेम्सची कन्या शार्लट हिच्याशी विवाह केला होता. १७६४ मध्ये ड्यूकच्या मृत्यूनंतर बंडखोराच्या पुत्राला वारसा मिळावा काय, हा प्रश्न हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे गेला. निकाल जॉनच्या बाजूने लागला आणि तो अॅथॉलचा तिसरा ड्यूक झाला. पित्याने ज्या किल्ल्यावर तोफा डागल्या, त्याचाच पुत्र धनी झाला.

निष्कर्ष

मरेविषयीच्या मूल्यमापनात दोन प्रवाह दिसतात. त्याचा साहाय्यक शेव्हालिए द जॉन्स्टन याने आपल्या आठवणींत, मरेला पूर्ण मोकळीक दिली असती तर विजय मिळाला असता, असे मत मांडले. ओसलिव्हनच्या वृत्तान्तात याउलट प्रत्येक अपयशाचा दोष मरेकडे जातो. हे दोन्ही साक्षीदार पक्षपाती आहेत. मात्र विश्वासघाताच्या आरोपाला घटनांचा आधार मिळत नाही. प्रेस्टनपॅन्स, क्लिफ्टन, फॉलकर्क आणि ब्लेअर येथील त्याचे वर्तन, तसेच उरलेले आयुष्य परदेशात घालविण्याची त्याच्यावर आलेली वेळ, या आरोपाच्या विरुद्ध साक्ष देतात.

राजपुत्राच्या दृष्टीने निष्ठा म्हणजे राजाच्या व्यक्तीविषयी निःशंक आज्ञापालन. मरेच्या दृष्टीने निष्ठा म्हणजे स्वीकारलेल्या कार्याच्या हितासाठी स्पष्ट सल्ला देणे, आणि तो सल्ला नाकारला गेला तरी आपल्या जागी उभे राहून लढणे. कलोडनच्या माळाला त्याचा विरोध होता. तरीही त्या माळावर उजव्या फळीच्या अग्रभागी तोच होता. सल्लागाराच्या मतभेदाला द्रोह समजणाऱ्या नेतृत्वाला सक्षम माणसे मिळाली तरी त्यांचा उपयोग करून घेता येत नाही. १७४५ च्या उठावाच्या अपयशाची चर्चा करताना फ्रान्सची निष्क्रियता, साधनांची कमतरता आणि सरकारी तोफखाना या कारणांबरोबर याही कारणाचा विचार करणे आवश्यक ठरते.